हक्क घेतलेत, भीती पुस्तकातच राहिली: भयकादंबऱ्या पडद्यावर आणणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

भयकादंबऱ्यांचे हक्क विकत घेणारे निर्माते, त्यांचे पटकथाकार आणि दिग्दर्शक, आणि मसुद्यांच्या समासात शेरे मारणारी प्लॅटफॉर्मवरची मंडळी, अशा सगळ्यांना मिळून हे पत्र आहे. आम्ही काही जण या कादंबऱ्या पेन्सिल हातात धरून वाचतो आणि त्यांची रूपांतरं रिमोट हातात धरून, थांबवत थांबवत पाहतो. पुस्तक आणि पडदा असे शेजारी ठेवले की बिघाड कुठे झाला ते बहुतेक वेळा सापडतं. गंमत अशी की तो फिरून फिरून त्याच चार-पाच जागी झालेला असतो.

पहिली जागा चित्रीकरणाच्या कितीतरी आधीची आहे. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर पुष्कळदा कादंबरी नसतेच, तिचा दोन-तीन पानी सारांश असतो. इतर कादंबऱ्यांचं यात फार बिघडत नाही. भयकादंबरी मात्र सारांशात मरते. ‘बंद हॉटेलात हिवाळा काढायला गेलेलं कुटुंब, बापाला वेड लागतं’ हे ऐकून कुणाच्या अंगावर काटा येईल? मग बैठकीत विचारलं जातं, ‘यात घाबरवणारे प्रसंग किती?’ प्रसंग मोजले जातात, कमी भरले तर वाढवले जातात. कादंबरीतली भीती ज्या वाक्यांच्या क्रमात, ज्या लपवाछपवीत होती, ती सारांश लिहिणाऱ्यानं गाळलेली असते. त्याचा दोष नाही, सारांशात क्रम मावतच नाही.

रॉबर्ट ब्लॉकची ‘सायको’ 1959ची आणि हिचकॉकचा चित्रपट 1960चा. ही जोडी समोर ठेवली की मुद्दा स्वच्छ दिसतो. कादंबरीतला नॉर्मन बेट्स चाळिशीचा, लठ्ठ, चष्मेवाला, दारू पिणारा माणूस आहे. पहिल्याच प्रकरणात तो आईशी बोलताना भेटतो. वाचक त्याच्या डोक्यात बसलेला असल्यामुळे त्याचं बाह्यरूप कसंही असलं तरी चालतं. कॅमेऱ्याला डोक्यात शिरता येत नाही, तो चेहऱ्यापाशी थांबतो. म्हणून पटकथाकार जोसेफ स्टेफानो आणि हिचकॉक यांनी नॉर्मन तरुण, सडपातळ, लाजराबुजरा केला आणि त्याला अँथनी पर्किन्सचा चेहरा दिला. ज्या माणसाची कीव यावी असं मनोगतातून घडत होतं, ते आता चेहऱ्यातून घडू लागलं. बदल मोठा, पण पात्राचं काम तेच राहिलं.

आईचंही तसंच. ती खरं तर केव्हाच मेलेली आहे, नॉर्मनच तिच्या रूपात वावरतो. कागदावर संवाद लिहिला की आई ‘असते’, वाचक तिला पाहायला मागत नाही. पडद्यावर बोलणारं माणूस दिसलं नाही की प्रेक्षक लगेच हुशार होतो. म्हणून तिचा आवाज लांबून, दारापलीकडून येतो. जिन्यावरच्या खुनात आणि तिला उचलून तळघरात नेताना कॅमेरा थेट छताला जातो. वरून पाहिलं की चेहरा दिसत नाही, आणि मुद्दाम लपवल्याचंही लक्षात येत नाही. न्हाणीघरातला खून कादंबरीत अखेरच्या दोन तोकड्या वाक्यांत उरकतो. चित्रपटात तो सुमारे 45 सेकंद चालतो आणि त्याला आठवडाभराचं चित्रीकरण लागलं. कारण कागदावर धक्का अचानक संपण्यातून येत होता, पडद्यावर तो न संपण्यातून येतो.

तेव्हा हक्क घेतल्यावर पहिलं काम म्हणून एवढं करा. कादंबरीची एक प्रत घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली. खरोखर घडतं त्या वाक्यांना एक रंग. घडलं असं पात्राला वाटतं, त्यांना दुसरा. वाचकाला ठाऊक आहे पण पात्राला नाही, त्यांना तिसरा. चांगल्या भयकादंबरीत पहिला रंग तुमच्या अपेक्षेपेक्षा फारच कमी निघेल. सारांशात मात्र तोच एकटा होता. उरलेल्या दोन रंगांसाठी पडद्यावर काय करायचं याचं उत्तर मिळेपर्यंत पहिला मसुदा लिहायला घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या रंगाचा सर्वांत देखणा अनुवाद ‘कॅरी’त आहे. स्टीफन किंगची ही 1974ची कादंबरी अहवाल, पुस्तकांतले उतारे, साक्षी असल्या कागदपत्रांनी भरलेली आहे. शेवटी गाव उद्ध्वस्त होणार हे वाचकाला खूप आधी कळतं, आणि पुढची सगळी पानं तो वाट पाहण्याची भीती भोगतो. ब्रायन डी पाल्मानं 1976मध्ये ही कागदपत्रं गाळली. मग ते आधी कळणं गेलं कुठे? ते दोरीत गेलं. नृत्याच्या कार्यक्रमात कॅरीच्या डोक्यावर उपडी करायला टांगलेली, रक्तानं भरलेली बादली आणि तिला बांधलेली दोरी आपल्याला दाखवून ठेवतात, आणि मग सगळं संथ गतीत चालतं. मुलगी आनंदात आहे, आपल्याला बादली माहीत आहे. कागदपत्रांनी शंभर पानांत केलं ते दोरीनं काही मिनिटांत केलं. अशी ‘दोरी’ शोधणं म्हणजे रूपांतर. पुस्तकातली वर्तमानपत्राची कात्रणं पडद्यावर एकामागून एक झळकवणं हे रूपांतर नाही, ती नक्कल झाली.

दुसरा रंग याहून अवघड आहे. हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (1898) एका शिक्षिकेच्या तोंडून येते. तिला भुतं दिसतात की भास होतात, हे लघुकादंबरी अखेरपर्यंत तोलून धरते. कॅमेऱ्यानं भूत दाखवलं की त्यानं साक्ष दिली, तोल गेला. जॅक क्लेटननं ‘द इनोसंट्स’मध्ये (1961) यावर एक साधी युक्ती केली. बहुतेक ठिकाणी आधी शिक्षिकेचा चेहरा दिसतो, तो पांढराफटक पडतो, आणि मग ती काय पाहते ते दिसतं. क्रम उलटा असता तर भूत खरं ठरलं असतं. या क्रमामुळे ते तिच्या डोळ्यांतून निघाल्यासारखं वाटतं. त्यातही एका ठिकाणी भूत बसून गेलेल्या जागी तिला पाण्याचा एक थेंब, अश्रू, सापडतो. सगळा तोल त्या एका थेंबावर पुन्हा हलतो. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसनं रुंद सिनेमास्कोप चौकटीच्या दोन्ही कडा हातानं रंगवलेल्या फिल्टरांनी काळोख्या केल्या, म्हणजे नजर मध्ये राहावी आणि कडेला काहीतरी असावंसं वाटत राहावं. शॉटांचा क्रम आणि रंगवलेली काच, यात खर्चाची बाब कुठली?

शर्ली जॅक्सनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ची (1959) तर तीन रूपांतरं आहेत, आणि तिन्ही एकमेकांवर टीका करतात. रॉबर्ट वाइजनं 1963मध्ये भूत दाखवलंच नाही. दाराबाहेर धडाधडा आवाज, भिंतीवरचं नक्षीकाम, आणि एक लाकडी दार जे श्वास घ्यावा तसं आत फुगतं. ते दार लाकडाच्या पातळ थरांचं होतं आणि मागून माणसं ढकलत होती. वाड्याच्या वाकलेल्या भिंतींसाठी त्यानं पॅनाव्हिजन कंपनीची, रुंद चौकटीसाठीची 30 मिलिमीटरची अ‍ॅनामॉर्फिक लेन्स मागून घेतली. ती सदोष होती, कडांना रेषा वाकवायची, आणि त्याला नेमका तोच दोष हवा होता. 1999च्या आवृत्तीत संगणकानं पुतळे हलवले, खांब वळवले. प्रत्येक हलणाऱ्या वस्तूबरोबर वाडा लहान होत गेला, कारण त्याला काय काय करता येतं हे कळत गेलं.

2018ची दहा भागांची मालिका आम्हाला आवडते, आणि तरी तिच्यावर राग आहे. माइक फ्लॅनगननं कादंबरीतून वाडा, नावं आणि काही वाक्यं घेतली, बाकी एका कुटुंबाच्या शोकाची नवी गोष्ट रचली. यात गैर काही नाही. चौकटीच्या कोपऱ्यात, कुणाचंही लक्ष न वेधता उभी केलेली भुतं ही तर शंभर नंबरी कल्पना. पण कादंबरीचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद एकाच जागी येऊन थांबतो: तिथे जे काही चालतं ते एकटं चालतं. मालिकेनं अखेरीला त्या ‘एकटं’च्या जागी ‘एकत्र’ आणलं. दहा तास जपलेली थंडी त्या एका शब्दानं घालवली. मूळ वाक्य वापरायचंच नसतं तरी चाललं असतं. ते वापरून उलटं करणं म्हणजे पुस्तकाकडूनच पुस्तकाविरुद्ध साक्ष वदवून घेणं.

आता हिशोब. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन तासांची पटकथा 120 पानांची, तिच्यात वीस-पंचवीस हजार शब्द. चारशे पानी कादंबरीत लाखभर शब्द. म्हणजे पाचातले चार भाग जाणार, हे ठरलेलं आहे. प्रश्न कापण्याच्या पद्धतीचा आहे. पुष्कळ पटकथाकार सगळीकडून थोडं थोडं तासतात. प्रत्येक पात्र राहतं, प्रत्येक प्रसंग राहतो, फक्त सगळेच अर्धवट. इतर प्रकारच्या गोष्टींत हे खपून जातं. भीतीला मात्र रिकामा वेळ लागतो, दार उघडण्याआधीची वीस सेकंदं लागतात, आणि तासताना पहिल्यांदा तीच जातात. कारण कागदावर त्या वीस सेकंदांत काहीच ‘घडत’ नसतं.

त्यापेक्षा अख्खा अवयव काढा. जॉन आयविडे लिंडक्विस्टनं ‘लेट द राइट वन इन’ या आपल्या 2004च्या कादंबरीची पटकथा स्वतः लिहिली. चेहरा जळालेला मारेकरी मेल्यावर पुन्हा उठून फिरतो, हे पुस्तकातलं एक मोठं उपकथानक त्यानं मुळासकट काढलं. पुस्तकातला तो सर्वांत भीषण भाग आहे. तो काढल्यामुळे टोमास आल्फ्रेडसनच्या 2008च्या चित्रपटाला दोन मुलांमधली शांतता, बर्फ आणि भिंतीवरच्या टकटकीची सांकेतिक भाषा यांना पुरेसा वेळ मिळाला. ‘सर्वांत भीतिदायक प्रसंग कापा’ असं कुणी बैठकीत म्हणून पाहा, काय होतं ते.

‘इट’चं उदाहरण उलटं आहे. किंगची 1986ची कादंबरी अकराशेहून अधिक पानांची. बालपण आणि मोठेपण यांचे धागे तिच्यात एकमेकांत विणलेले आहेत, आणि ही विण केवळ सजावट नाही. मोठ्यांना बालपण आठवत नाही, ते प्रकरणागणिक परत येतं, आणि वाचकाला ते त्यांच्याबरोबरच कळत जातं. 2017 आणि 2019च्या दोन चित्रपटांनी धागे सोडवले: आधी मुलं, 135 मिनिटं. मग मोठी माणसं, 169 मिनिटं. पहिला चित्रपट सरळ आणि सुरेख झाला. दुसऱ्यातली माणसं मात्र जे आठवायला धडपडतात ते प्रेक्षकानं दोन वर्षांपूर्वीच तिकीट काढून पाहिलेलं आहे. पात्राला जे कळायचंय ते प्रेक्षकाला आधीच पाठ असेल तर ताण यायचा कुठून? म्हणून तिथे नवनवे राक्षस आणावे लागले. काळाची विण सोडवणं सोपं दिसतं, पण ते करण्याआधी ती विण कुठलं वजन पेलत होती हे पाहा.

मापाच्या दृष्टीनं दोन तासांच्या चित्रपटाची खरी जोडीदार लघुकादंबरी किंवा दीर्घकथा आहे. तीत एकच जागा, एकच प्रश्न असतो, आणि पटकथेला कापण्याऐवजी भरायचं काम राहतं. ‘तुंबाड’नं (2018) तर नारायण धारपांच्या कथेतून बीज तेवढं घेतलं आणि शेत स्वतः केलं.

मालिका कधी करावी? आमची कसोटी साधी आहे: या पुस्तकात वेळ हाच भीतीचा भाग आहे का? डॅन सिमन्सची ‘द टेरर’ (2007) बर्फात अडकलेल्या दोन जहाजांची गोष्ट आहे. अन्नाच्या डब्यांतलं शिसं अंगात भिनतं, हिरड्यांतून रक्त यायला लागतं, शिस्त महिन्यामहिन्यानं ढासळते. 2018च्या मालिकेला तिचे दहाही भाग लागले, कारण झिजणं तीन तासांत दाखवताच येत नाही. याउलट ‘तो आवाज खरा आहे का?’ या एका प्रश्नावर उभ्या असलेल्या पुस्तकाचे आठ भाग केले की चौथ्यापासून सहाव्यापर्यंत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक पात्राला एकेक फ्लॅशबॅक, भुताला दुःखद बालपण, शापाला वंशावळ. भागाच्या शेवटी हुक हवा म्हणून धक्का, आणि पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात त्याचं ‘अरे, मांजर होतं’. दर पन्नास मिनिटांनी श्रेयनामावली सोडायची असेल तर साचलेली भीतीही तिच्याबरोबर वाहून जाते. सहा भागांचं पुस्तक असेल तर सहाच करा. प्लॅटफॉर्मला आठ हवेत हे कारण पडद्यावर लपत नाही.

भूत किती दाखवावं, या वादात आम्हाला ‘कमी दाखवा’ हा सरसकट सल्ला द्यायचा नाही. तो आता घासून गुळगुळीत झालाय. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: कागदावर ही गोष्ट न दिसण्याचं कारण काय होतं? ‘बर्ड बॉक्स’मध्ये जे पाहिलं की माणूस जीव देतो ते दाखवणं तर्कालाच धरून नाही. तरी 2018च्या चित्रपटासाठी प्राणी बनवला गेला, चित्रितही झाला, आणि अखेरीस कापला गेला. लव्हक्राफ्टच्या 1927च्या ‘द कलर आउट ऑफ स्पेस’मधला रंग माणसानं कधीच न पाहिलेला आहे. असा रंग कुठल्याच पडद्यावर नाही. 2019च्या चित्रपटात त्यासाठी झगझगीत किरमिजी-गुलाबी, म्हणजे मॅजेंटा निवडला. निवड अभ्यासू होती: इंद्रधनुष्यात या रंगाची स्वतःची अशी तरंगलांबी नाही, तांबडा आणि निळा एकदम डोळ्यांत शिरले की मेंदू तो तयार करतो. लेखकानं ‘अशक्य’ म्हटलं होतं, दिग्दर्शकानं निदान त्या शब्दाचा विचार केला.

‘द शायनिंग’मधली, झुडपं कापून घडवलेली जनावरं हे तिसरं कारण. कादंबरीत (1977) ती पाहत असताना हलत नाहीत. पाठ वळवली की जवळ आलेली असतात. कुब्रिकनं 1980मध्ये ती गाळून भुलभुलैया आणला. 1997च्या मालिकेची पटकथा किंगनं स्वतः लिहिली, जनावरं परत आणली, आणि संगणकानं ती चालवून दाखवली. चालताना दिसलं की मेलं. एकाच चौकटीचे दोन शॉट, मध्ये माणसाच्या चेहऱ्यावर एक कट, आणि दुसऱ्या शॉटात जनावर दोन फूट पुढे. संगणक न लावता हे जमलं असतं. किंगची कुब्रिकवरची तक्रार मात्र आम्हाला पटते. पुस्तकातला बाप चांगला माणूस आहे आणि तो हळूहळू ढासळतो. चित्रपटातला पहिल्याच मुलाखतीत संशयास्पद हसतो. थंडी मिळाली, प्रेम गेलं. (खोली 217ची 237 का झाली यावर लोकांनी प्रबंध रचले. बाहेरची दृश्यं ज्या हॉटेलची होती त्यांनी आपल्याकडे नसलेला आकडा मागितला होता, एवढीच हकिकत.)

पुस्तकात नसलेलं घालायलाही आमची हरकत नाही. कोजी सुझुकीच्या ‘रिंग’मध्ये (1991) टीव्हीतून कुणी बाहेर येत नाही. तिथे शाप रोगासारखा पसरतो, आणि शापित व्हिडिओ टेपची प्रत काढून दुसऱ्याला दाखवणं हा वाचण्याचा मार्ग आहे. हिदेओ नाकाताच्या 1998च्या चित्रपटात सादाको, म्हणजे शापामागची मुलगी, टीव्हीच्या काचेतून बाहेर सरपटते. प्रसारमाध्यमच संसर्ग आहे ही पुस्तकाची कल्पना वाचकापेक्षा पडद्यासमोर बसलेल्याला जास्त लागू होते, आणि दिग्दर्शकानं तो संसर्ग प्रेक्षकाच्या खोलीत आणला. तंत्र हाताशी असलेलंच: नटीला उलट चालवलं आणि फिल्म उलट फिरवली. सांधे चुकीच्या दिशेनं वळतात, डोळ्याला काय खटकतं ते कळत नाही. ‘सालेम्स लॉट’च्या 1979च्या मालिकेतही खिडकीबाहेर तरंगणारा मुलगा तारांवर नव्हता. त्याला क्रेनच्या दांड्यावर धरलं होतं आणि दृश्य उलटं चित्रित केलं होतं, त्यामुळे धुकंसुद्धा उलटं वाहतं.

व्हीएफएक्सला, म्हणजे संगणकावरच्या दृश्यकरामतींना, आमचा विरोध नाही, पण नटाच्या अंगावर काही घडलं तर ते चेहऱ्यावर फुकट येतं. ‘द एक्झॉर्सिस्ट’साठी (1973) झोपण्याच्या खोलीचा सेट शीतयंत्रांनी गोठणबिंदूखाली नेला होता. तोंडातून निघणारी वाफ खरी आहे, खांद्यांचं आखडणंही खरं. वाफ संगणकानं नंतर घालता येते, खांदे नाही.

आता घरी पाहणाऱ्यांविषयी, कारण या बाबतीत तुमचं काम सर्वांत निष्काळजी असतं. तुम्ही मिक्सिंग थिएटरमध्ये ऐकता, आम्ही टीव्हीच्या पाठीमागच्या दोन स्पीकरांवर किंवा फोनवर. फोनच्या स्पीकरमधून दीडशे-दोनशे हर्ट्झखालचं जवळजवळ काहीच बाहेर येत नाही. पोटात कालवणारा तो खर्जातला घुमारा, ज्यावर पूर्ण प्रसंग टेकवलेला असतो, आमच्यापर्यंत पोचतच नाही. खर्ज ठेवा, पण त्याच्या वरच्या पटीतले स्वरही मिसळा, म्हणजे खालचा सूर नसला तरी कान तो धरतो.

दुसरं, कुजबुज आणि किंकाळी यांतलं अंतर. नेटफ्लिक्स संवादांची सरासरी उणे 27 एलकेएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) बांधून मागतं, दोन इकडे-तिकडे, आणि सर्वोच्च टोक उणे 2 डेसिबलच्या खाली. या चौकटीतही कुजबूज इतकी खाली नेली जाते की आम्ही आवाज वाढवतो, मग किंकाळी येते, आम्ही आवाज कमी करतो, आणि उरलेला चित्रपटभर बोट बटणावर असतं. रिमोट सांभाळणारा माणूस घाबरत नसतो. धक्का आवाजाच्या उंचीतून देण्यापेक्षा वजाबाकीतून द्या. प्रसंगाच्या सुरुवातीपासून पंख्याची घरघर, रातकिडे, दूरची वाहनं असा थर बारीक चालू ठेवा, आणि वेळ आली की दोन सेकंद आधी तो सगळा तोडा. हे कुठल्याही स्पीकरवर चालतं. त्यासाठी ध्वनिरचनाकाराला पटकथेच्या दुसऱ्या मसुद्यालाच बोलवावं लागतं. संकलन संपल्यावर बोलावलं तर तो फक्त दणका घालू शकतो.

तिसरं, काळोख. स्ट्रीमिंगचं कॉम्प्रेशन सपाट, अंधाऱ्या भागावर सगळ्यांत कमी डेटा खर्च करतं. तुमच्या ग्रेडिंगच्या, म्हणजे रंग-उजेड जुळवण्याच्या, अंधाऱ्या खोलीत जो मखमली काळोख होता, त्याचे आमच्याकडे चौकोनी ठोकळे आणि पायऱ्या होतात. चित्रण जरा भरघोस प्रकाशात करून नंतर ग्रेडिंगमध्ये खाली आणा, चौकटीत कुठेतरी छोटासा उजेड ठेवा म्हणजे डोळ्याला काळ्याचं माप मिळतं, आणि हलका ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक कण, घाला, पट्टे कमी दिसतात. मग अंतिम प्रत दिवसाउजेडी, पडदे उघडे ठेवून, साध्या टीव्हीवर पाहा. त्यावर चेहरा दिसला नाही तर तो आम्हालाही दिसणार नाही.

शेवट बदलण्याबद्दल. ‘द मिस्ट’चा शेवट फ्रँक डॅराबाँटनं 2007मध्ये बदलला. किंगची मूळ दीर्घकथा आशेच्या शब्दावर उघडी सुटते. चित्रपटात बाप गाडीतल्या सगळ्यांना, मुलालाही, गोळ्या घालतो आणि काही मिनिटांत धुकं विरतं. किंगनं या शेवटाची वाखाणणी केली. उरलेल्या गोळ्यांचा हिशोब मूळ कथेतही आहे. दिग्दर्शकानं तोच हिशोब पुरा केला, बाहेरून काही आणलं नाही. आता ‘आय अ‍ॅम लेजंड’. रिचर्ड मॅथेसनच्या 1954च्या कादंबरीचा नायक अखेरीस ओळखतो की नव्या जगाच्या लेखी राक्षस तोच आहे, त्यांच्या दंतकथेतलं भूत तोच. शीर्षकाचा अर्थ तो. 2007मध्ये चित्रगृहांत आलेल्या आवृत्तीत तो मानवजातीसाठी जीव देऊन तारणहार होतो. शीर्षक तेच, अर्थ बरोबर उलटा. पुस्तकाच्या जवळचा, ‘ते’ आपल्या माणसाला न्यायला आले होते हे नायकाला उमगणारा शेवट चित्रित झालेला होता. तो नंतर डीव्हीडीवर मिळाला. हातात असलेला बरा शेवट कपाटात ठेवून दुसरा दाखवायचा, याला काय म्हणावं?

मूळ लेखकाला पटकथा द्यावी का, हेही विचारलं जातं. विल्यम पीटर ब्लॅटीनं ‘द एक्झॉर्सिस्ट’ची पटकथा लिहिली आणि ऑस्कर घेतलं. लिंडक्विस्टनं स्वतःच्या पुस्तकावर सुरी चालवली. किंगनं 1997मध्ये जनावरं परत आणली. यातून नियम निघत नाही. लेखकाला वाक्यापेक्षा परिणामाची ओढ आहे का, ते पहिल्या भेटीत विचारा: ‘यातलं तुमचं सर्वांत लाडकं पान कोणतं, आणि ते काढलं तर काय पडेल?’ उत्तर द्यायला तो विचारात पडला तर त्याला पटकथा द्या. लगेच चिडला तर सल्लागार म्हणून मानधन द्या आणि आभार माना.

आमच्याकडून इतकंच. पुढच्या कादंबरीच्या करारावर सही होईल तेव्हा तिच्या सात प्रती मागवा. एक पटकथाकाराला, एक दिग्दर्शकाला, एक छायाचित्रकाराला, एक संकलकाला, एक ध्वनिरचनाकाराला, एक कलादिग्दर्शकाला. उरलेली एक सारांश लिहिणाऱ्याच्या टेबलावरून उचलून स्वतःच्या घरी न्या आणि रात्री वाचा. मध्येच उठून दाराची कडी तपासावीशी वाटली तर त्या पानाचा क्रमांक लिहून ठेवा. पहिल्या बैठकीत प्रसंगांची यादी काढण्याआधी तो क्रमांक सांगा.

आपले,
पुस्तक आणि पडदा शेजारी ठेवून पाहणारे काही वाचक